चौसष्ट घरांतील गहू

ज्या घरात बुद्धिबळाचा पट आहे, त्या घरात आणखी एक वस्तू नकळत नांदत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. परंतु तिचे माप घेऊ लागल्यास पृथ्वीवरील साऱ्या शेतांचे पीकही अपुरे पडते. ती वस्तू म्हणजे एक संख्या होय. पटावरील चौसष्ट घरे आणि 'दुप्पट' हा साधा शब्द, एवढ्या दोनच गोष्टींपासून ती निर्माण झाली आहे. आजीच्या गोष्टीत ती येते, गणिताच्या इतिहासात ती येते आणि आजच्या संगणकातही तीच दडून बसलेली आढळते.

गोष्ट बहुतेकांच्या परिचयाची असेल. सिस्सा नावाच्या एका बुद्धिमान गृहस्थाने बुद्धिबळाचा खेळ शोधून काढला व तो हिंदुस्थानच्या राजाला शिकविला. राजा प्रसन्न होऊन म्हणाला, "हवे ते माग." सिस्साने नम्रपणे विनंती केली, "महाराज, पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा द्यावा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, चौथ्यासाठी आठ. याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे घालून चौसष्ट घरे भरून द्यावीत." राजाला हसू आले, थोडा रागही आला. एवढ्या मोठ्या दरबारात येऊन याने मागितले काय, तर मूठभर गहू! त्याने कोठीवाल्याला आज्ञा केली. थोड्याच वेळात कोठीवाला हात जोडून परत आला. राज्यातील सारी कोठारे रिकामी केली, तरी मागणी पुरी होणार नव्हती.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती नोंदवून ठेवली आहे. परंतु कथेतील राजा काल्पनिक असला, तरी त्याची चूक अगदी खरी आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करावी असे म्हणतात. राजाने तेच केले. त्याने पहिली चार घरे पाहिली आणि चौसष्टांचा अंदाज बांधला. ही चूक किती मोठी होती, हे पाहण्यासाठी आपण तराजू घेऊन पटाजवळ बसू.

तराजूचा हिशेब

गव्हाचे साधारण २५ दाणे मिळून एक ग्रॅम वजन भरते, असे धरून चालू. पटाची पहिली ओळ आठ घरांची. तीत एकूण २५५ दाणे मावतात. म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम, एका मुलाच्या मुठीतही सहज बसतील एवढे. दुसरी ओळ संपते तेव्हा एकूण ६५,५३५ दाणे होतात. त्यांचे वजन सुमारे २ किलो ६०० ग्रॅम. येथपर्यंत राजाचे हसणे योग्यच म्हणावे लागेल.

चौथी ओळ संपली, म्हणजे अर्धा पट भरला, की गहू सुमारे १७२ टन होतो. मालगाडीच्या तीन डब्यांत तो मावेल. एखाद्या राजाला हेही जड नाही. परंतु आता दुसरा अर्धा भाग सुरू होतो. एकेक ओळ संपली की एकूण गहू सुमारे २५६ पट होत जातो. पाचव्या ओळीअखेर ४४ हजार टन. सहाव्या ओळीअखेर सुमारे १ कोटी १२ लक्ष टन. सातव्या ओळीअखेर सुमारे २८८ कोटी टन. आणि आठवी ओळ पुरी होते तेव्हा सुमारे ७३,७८० कोटी टन.

या शेवटच्या आकड्याचा अर्थ काय? सन २०२२-२३ मध्ये भारतात सुमारे ११ कोटी टन गहू पिकला. त्याच सुमारास साऱ्या जगाचे वार्षिक उत्पादन ८० कोटी टनांच्या आसपास होते. म्हणजे आजची सुधारलेली बियाणी, कालवे आणि खते हाताशी असतानाही जगातील सर्व शेतकऱ्यांनी नऊशेहून अधिक वर्षे एक दाणाही न खाता सारा गहू सिस्साच्या अंगणात आणून टाकावा, तेव्हा कोठे त्याचे बक्षीस फिटेल.

येथे आणखी एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कोणतेही घर घ्या. त्या घरातील दाणे आधीच्या सर्व घरांतील एकूण दाण्यांपेक्षा नेमके एकाने अधिक असतात. पहिल्या तीन घरांत १, २ आणि ४ मिळून ७ दाणे, तर चौथ्यात ८. म्हणूनच चौसष्ट घरांची बेरीज करण्यासाठी मोठा खटाटोप नको. काल्पनिक पासष्टाव्या घरात किती दाणे आले असते ते काढावे व त्यातून एक वजा करावा. उत्तर येते:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

परार्धाच्या पलीकडे

ही संख्या वाचायची कशी? वीस अंकी संख्येसाठी आपल्या रोजच्या व्यवहारात शब्दच नाहीत. परंतु आपल्या पूर्वजांनी मोठ्या संख्यांना सुंदर नावे देऊन ठेवली आहेत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या 'लीलावती'त एक, दश, शत यांपासून लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत जाणारी अठरा स्थाने सांगितली आहेत. त्यांतील शेवटचे स्थान परार्ध. एकावर सतरा शून्ये दिली म्हणजे परार्ध होतो.

आपली संख्या या परार्धालाही मागे टाकते. ती १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज आणि पुढे बरेच काही अशी वाचावी लागेल. एका दाण्यापासून निघालेला हिशेब अठराव्या स्थानाच्याही पुढे जाऊन थांबतो.

हे दाणे सेकंदाला एक या गतीने मोजायला बसल्यास सुमारे ५८४ अब्ज वर्षे लागतील. विश्वाचे वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानतात, यावरून कल्पना यावी. हाच कालावधी आणखी एका कथेत आढळतो. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये एक कोडे बाजारात आणले. तीन खुंट्या आणि एकावर एक रचलेल्या लहानमोठ्या चकत्या. एका वेळी एकच चकती उचलावयाची, लहान चकतीवर मोठी ठेवावयाची नाही आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. या कोड्याला जोडून अशी कथा सांगण्यात आली की, काशीच्या एका मंदिरात सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या अहोरात्र हलवीत आहेत. काम संपताच जगाचा अंत होईल. असे मंदिर काशीत नाही. ती युरोपात रचलेली कहाणी आहे. परंतु गणित पक्के आहे. एक चकती वाढली की चाली आधीच्या दुपटीहून एकाने वाढतात: १, ३, ७, १५, ३१. चौसष्टाव्या चकतीला पोहोचेपर्यंत हुबेहूब सिस्साच्या दाण्यांएवढ्या चाली होतात. सेकंदाला एक चाल या हिशेबाने जगाच्या अंताची चिंता करण्याचे कारण नाही.

सात पायऱ्यांची वाट

एवढी मोठी संख्या काढण्यासाठी एकाची चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसावे लागते काय? मुळीच नाही. याची सोपी युक्ती पिंगलाचार्यांच्या 'छंदःशास्त्रा'त आहे. छंदःशास्त्रात लघू आणि गुरू अशी अक्षरांची दोनच रूपे. एका अक्षराच्या चरणाचे प्रकार दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. प्रत्येक अक्षरागणिक प्रकार दुप्पट होतात. म्हणजे हा बुद्धिबळाच्या पटाचाच हिशेब झाला. चरणात कितीही अक्षरे असोत, प्रकारांची संख्या झटपट कशी काढावी, याची रीत पिंगलांनी सांगितली आहे. अक्षरांची संख्या सम असल्यास निम्मी करावी व विषम असल्यास एकाने कमी करावी. शून्यापर्यंत पोहोचल्यावर त्याच वाटेने उलट फिरावे आणि जेथे निम्मे केले तेथे वर्ग, जेथे एक वजा केला तेथे दुप्पट करावी.

चौसष्टासाठी ही रीत वापरून पाहा. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ आणि शेवटी शून्य. परत फिरताना प्रथम एकाची दुप्पट, म्हणजे २. मग वर्ग करीत चला: ४, १६, २५६, ६५,५३६, त्यानंतर ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटच्या वर्गात आपले उत्तर. एक दुप्पट आणि सहा वर्ग, एवढ्या सात पायऱ्यांत काम आटोपते. अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर थोर पंडित अल्बेरूनी यानेही वर्गांच्याच वाटेने पटाची ही बेरीज अचूक काढून दाखविली होती.

संख्येच्या पोटात काय आहे?

आता संख्या फोडून पाहू. वर्गांतराचे सूत्र शाळेतील मुलांना पाठ असते: दोन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गातून एक वजा केलेली. एकाचा वर्ग एकच. तेव्हा तिचे दोन भाग पडतात: ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५. यांतील दुसरा भाग पुन्हा तसाच फुटतो: ६५,५३७ गुणिले ६५,५३५. त्यातील ६५,५३५ म्हणजे २५७ गुणिले २५५. त्यातील २५५ म्हणजे १७ गुणिले १५, आणि १५ म्हणजे ५ गुणिले ३. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तशी ही संख्या सुटत जाते.

हाती आलेले अवयव पाहा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यांतील पहिले पाच मूळ संख्या आहेत. म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने त्यांना भाग जात नाही. मग सहावीही तशीच असेल काय?

हाच प्रश्न सतराव्या शतकात पिएर द फर्मा याच्या मनात आला. फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायखात्यात अधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. परंतु त्या काळी त्याच्या तोडीचे गणिती युरोपात फार थोडे होते. १६४० च्या सुमारास त्याने पत्रांतून असा विश्वास व्यक्त केला की, या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता आपल्यापाशी नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले होते. तरीही त्याची श्रद्धा दृढ होती. पाच शिते शिजलेली होती. तेव्हा सारा भात शिजलेला असलाच पाहिजे!

जवळजवळ शंभर वर्षे हा विश्वास अबाधित राहिला. १७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलरने दाखवून दिले की, सहाव्या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो. वाचकांनी स्वतः गुणाकार करून पाहावा. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणले की ४,०२,०२,५०,२०० येतात. ४० ने गुणले की २६,८०,१६,६८०. आणि एकाने गुणले की ६७,००,४१७. तिन्हींची बेरीज बरोबर ४,२९,४९,६७,२९७.

ऑयलरला ६४१ सापडली कशी? या सहाव्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येला ६४ ने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम आहे. या नियमाने चाळणी लावली की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच उमेदवार क्रमाने पुढे येतात. पाचव्याच प्रयत्नाला कुलूप उघडते. हा नियम ठाऊक नसता, तरी लहानात लहान मूळ संख्येपासून ओळीने भाग घालीत गेल्यास ६४१ ही ११६ वी आहे. एकशे सोळा भागाकार म्हणजे चिकाटीच्या माणसाचे फार तर काही दिवसांचे काम. फर्मासारख्या थोर गणितज्ञाची समजूत खोटी ठरविण्यास एवढे पुरेसे होते.

आणि पुढे काय झाले? ६५,५३७ च्या पलीकडे या मालिकेतील पुष्कळ संख्या आजवर तपासण्यात आल्या आहेत. त्यांत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. फर्माने पाहिली ती पाचच शिते शिजलेली निघाली.

अर्धा पट आणि कंपास

परंतु त्या पाच संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ च्या मार्च महिन्यात कार्ल फ्रीडरिख गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणाने असे सिद्ध केले की, केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून सतरा समान बाजूंची व समान कोनांची आकृती काढता येते. ग्रीकांच्या काळापासून दोन हजार वर्षे कोणालाही हे माहीत नव्हते. पुढे त्याने ही रीत व्यापक केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या मालिकेतील एक मूळ संख्या किंवा अशा निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने तर ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहून काढण्यासाठी दहा वर्षे खर्ची घातली.

पाचही मूळ संख्यांचा गुणाकार केला की ४,२९,४९,६७,२९५ येतात. ही संख्या आपल्याला आधीच भेटली आहे. अर्ध्या पटावरील गव्हाचे दाणे तेवढेच! म्हणजे या रीतीने काढता येईल अशी जी सर्वांत मोठी विषम बाजूंची आकृती आज ठाऊक आहे, तिला अर्ध्या पटावरील दाण्यांइतक्या बाजू आहेत. राजाच्या कोठीतील गहू आणि गाउसचा कंपास यांची गाठ अशी पडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

आता संपूर्ण संख्या तिच्या सात मूळ अवयवांसह मांडता येते: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक अवयव एकदाच येतो. त्यामुळे त्यांच्या निरनिराळ्या जुळणींतून तिचे एकंदर १२८ विभाजक होतात. १२८ ही संख्यासुद्धा दुपटीच्याच कुळातली. ज्यांना पडताळा हवा असेल, त्यांनी आपल्या वीस अंकी संख्येतील अंकांची बेरीज करावी. ती ८७ भरते. म्हणून तिला तीनने भाग जातो, नऊने जात नाही. शेवटचा अंक पाच आहे, म्हणून पाचने भाग जातो.

पटापासून संगणकापर्यंत

आजच्या बहुतेक संगणकांत आणि खिशातील फोनमध्येही संख्या साठविण्यासाठी चौसष्ट घरांची एक ओळ असते. प्रत्येक घरात एक किंवा शून्य. पिंगलांच्या लघू-गुरूंसारखीच ही रचना आहे. चौसष्टही घरांत एक लिहिला की जी संख्या होते, ती सिस्साच्या दाण्यांची. अशा ओळीत याहून मोठी पूर्ण संख्या मावत नाही.

जुन्या यंत्रणांत ही ओळ बत्तीस घरांची असे. त्यांतील एक घर धन-ऋण चिन्हासाठी सोडून एकतीस घरांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याची पद्धत रूढ झाली. सत्तरच्या दशकात २,१४,७४,८३,६४७ सेकंद म्हणजे न संपणारा साठा वाटला असेल. तो साठा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. म्हणून अशा यंत्रणा बदलून चौसष्ट घरांवर नेण्याचे काम जगभर चालू आहे. तेथे मात्र चिन्हाचे घर सोडूनही सुमारे २९२ अब्ज वर्षांची सोय होते. एकतीस घरे आणि त्रेसष्ट घरे यांतील अंतर साध्या दुपटीचे दिसते. दाण्यांच्या हिशेबात ते जमीन-अस्मानाचे आहे.

आपल्या घरातील पट

हा सारा हिशेब केवळ करमणुकीचा नाही. सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपये चक्रवाढ व्याजाने हजार रुपये घेतले, तर दोन वर्षांत देणे सुमारे दुप्पट होते. हजाराचे दोन हजार झाले, तर माणूस म्हणतो, "फेडू केव्हातरी." चार हजार होतात तेव्हाही धीर सुटत नाही. परंतु वीस वर्षांत अशा दहा दुपटी होतात आणि हजार रुपयांचे देणे दहा लक्षांच्याही पुढे जाते. बापाने घेतलेले कर्ज मुलाला का फिटत नाही, याचे एक उत्तर या पटावर लिहिलेले आहे. उलट, नियमित शिल्लक टाकणाऱ्या कुटुंबाला हीच दुप्पट हळूहळू हात देते. साथीचा रोगही याच रीतीने पसरतो. म्हणून पहिल्या चार रुग्णांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

राजा पहिल्या चार घरांवरून फसला, फर्मा पहिल्या पाच संख्यांवरून. एक दंतकथेतला अजाण माणूस, दुसरा आपल्या काळातील अग्रगण्य गणिती. परंतु दोघांची चूक एकच. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक आहे. जेथे वस्तू दुपटीने वाढते, तेथे शेवटच्या घरापर्यंत हिशेब करूनच होकार द्यावा.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांना पट मांडायला सांगा आणि वाटीभर गहू द्या. पहिली ओळ ती हसतहसत भरतील. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर दाणे घराबाहेर सांडू लागतील आणि कोणीतरी डबा आणायला उठेल. त्या वेळी त्यांना थांबवून विचारा, "पुढच्या घरासाठी किती लागतील?" जे मूल दाणे मोजायचे सोडून कागद-पेन्सिल मागेल, त्याला या संख्येची ओळख पटली असे खुशाल समजावे.